काराकासला समुद्र कुठे आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून पुन्हा एकदा. व्हेनेझुएलाच्या या राजधानीबद्दलचा प्रश्न ठरलेला असतो: "काराकास म्हणजे कॅरिबियन ना? मग बीच किती लांब?" त्यामागोमाग उपप्रश्न: "नकाशात तर दहा-अकरा किलोमीटरच दिसतंय. सायकलनेही जाता येत असेल!"

नकाशात खरंच तेवढंच दिसतं. पण त्या दहा-अकरा किलोमीटरच्या मधोमध आविला डोंगर उभा आहे, आणि सपाट कागदावर तो हिरव्या पट्ट्यापलीकडे काही सांगत नाही. शहर समुद्रसपाटीपासून साधारण नऊशे मीटरवर. त्याच्या उत्तरेला डोंगराची सलग भिंत, तिचं सर्वांत उंच शिखर नाइग्वाता, 2765 मीटर. कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे अंदाज येईल. भिंतीपलीकडचा उतार थेट समुद्रात उतरतो. दोन्हींच्या मध्ये किनाऱ्याची चिंचोळी पट्टी, आणि तिच्यावर ला ग्वायरा बंदर आणि मैकेतिआचा विमानतळ. तिकिटावर "काराकास" छापलेलं असतं, पण विमान उतरतं ते खाली, भिंतीच्या पलीकडे. तिथून शहरात यायचं तर घाट चढावा लागतो. वर येईपर्यंत कानाला दडे बसतात आणि हवा पाच-सहा अंशांनी उतरते.

घाटमाथ्यावरचा माणूस "खाली कोकणात उतरलो" म्हणतो, तसंच काराकासकर म्हणतात, "बाहार आ ला ग्वायरा", ला ग्वायराला उतरायचं. समुद्राला "जायचं" असं फारसं कोणी म्हणत नाही. ही तुलना मी पूर्वी फार ताणायचो: सह्याद्री, बोरघाट, खंडाळा, झालंच की तुमचं काराकास. आता तेवढी ताणवत नाही. पुण्याच्या माणसाचं रोजचं खाणंपिणं घाटावर अडत नाही. काराकासचं अडतं.

आधी शहराचा साचा. दरी पूर्व-पश्चिम लांब आणि दक्षिणोत्तर अरुंद. तळातून ग्वाइरे नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. नदी म्हणायची एवढंच. आता ती काँक्रीटच्या पाटातून वाहणारं सांडपाणी आहे. दरीच्या तळाला सपाट जमीन संपली तशी वस्ती टेकड्यांवर चढली. पूर्व टोकाला पेतारे, पश्चिमेला कातिआच्या वरचे उतार: लाल विटांची घरं, एकाच्या छपरावर दुसऱ्याचा पाया. उत्तरेला मात्र वस्ती बऱ्याच अंशी एका रेषेशी थबकते. ती रेषा म्हणजे कोता मिल, डोंगराच्या पायथ्याने हजार मीटर उंचीच्या रेषेलगत काढलेला रस्ता. त्या रस्त्याच्या वरच्या अंगाला राष्ट्रीय उद्यान, 1958 पासून. नवख्याला शहरात दिशा कळत नसतील तर एकच नियम सांगावा: आविला दिसतोय ना, ती उत्तर. मेट्रोची पहिली लाइनही (1983) दरीच्याच आकाराची आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबच लांब.

जुन्या गावठाणात मात्र नियम वेगळा. तिथे पत्ता चौकाच्या नावावर चालतो. प्रत्येक कोपऱ्याला नाव आहे आणि पत्ता म्हणजे "अमुक कोपऱ्यापासून तमुक कोपऱ्यापर्यंत". स्वातंत्र्यलढ्याचा नायक सिमोन बोलिव्हारचं जन्मघर सान हासिन्तो ते त्रापोसोस. आणखी एका जोडीचा अर्थ लावला तर होतो "धोका ते डोळे उघडे ठेव". घरनंबर विचारत बसाल तर हरवाल; दोन कोपरे विचारा. जवळच प्लाझा बोलिव्हार, तिथला 1874 चा अश्वारूढ पुतळा. म्युनिकमध्ये ओतलेला तो पुतळा घेऊन येणारं जहाज लोस रोकेस बेटांपाशी फुटलं आणि पेट्या समुद्रातून काढाव्या लागल्या. पुढे त्याही घाट चढूनच वर आल्या.

इथे हमखास विचारलं जातं: मग मुळात डोंगराआड शहर वसवलंच कशाला? स्पॅनिश सेनानी दिएगो दे लोसादाने 1567 मध्ये शहर वसवलं ते थंड हवा, पिकाऊ जमीन आणि चाच्यांपासून आडोसा बघून. दरी रिकामी नव्हती. मूळनिवासी सरदार ग्वाइकाइपुरोच्या लोकांशी लढून ती घेतलेली होती. "डोंगर हा शहराचा तट" हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा फेकलेलं आहे. ते अर्धंच खरं. 1595 मध्ये इंग्रज अमायस प्रेस्टन किनाऱ्यावर उतरला. शहराचे रखवालदार नेहमीच्या वाटेवर दबा धरून बसले, आणि तो डोंगरातल्या आडवाटेने वर येऊन रिकाम्या शहरात शिरला. लूट झाली, जाळपोळ झाली. तट असला की माणसं फक्त दरवाजावर पहारा ठेवतात, ही त्यातली खरी गोम.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येतो. "अर्ध्या तासात समुद्र" हे उत्तर मीही दिलेलं आहे. ते उत्तर एका पुलावर उभं होतं.

खालून वर यायच्या वाटा क्रमाने बघा. आधी खेचरांची फरसबंदी वाट, डोंगराच्या माथ्यावरून. मग 1883 मध्ये अरुंद रुळांची रेल्वे: सरळ रेषेतल्या दहा-अकरा किलोमीटरसाठी सुमारे सदतीस किलोमीटर रूळ. मग मोटारींचा जुना रस्ता, वळणांवर वळणं. आणि 1953 मध्ये ऑटोपिस्ता, म्हणजे वेगवान महामार्ग: सतरा किलोमीटर, दोन बोगदे, तीन मोठे पूल. तिन्ही पूल काँक्रीटच्या कमानींचे, फ्रेंच अभियंता यूजेन फ्रेसिने याच्या आराखड्याचे. त्यातला पहिला, व्हायाडक्ट क्रमांक एक, ताकाग्वाच्या घळीवर. कमानीचा गाळा सुमारे दीडशे मीटर, रस्ता तळापासून सुमारे सत्तर मीटर उंच. त्या काळात जगभरचे अभियंते बघायला यावेत असं काम होतं, आणि दिसायलाही देखणं.

कमान कशावर उभी असते? दोन्ही पाय बाहेर रेटतात आणि दोन्ही काठ त्यांना आत थोपवून धरतात. काठ हलणार नाहीत हे गृहीत धरलेलं असतं. ताकाग्वाच्या घळीचा काराकासकडचा काठ मुळात जुन्या दरडीचा होता. त्याखालचा खडक पापुद्र्यांचा, कुजत आलेला. असा खडक कोरडा असेल तोवर ठीक. पाणी मुरलं की पापुद्र्यावरून पापुद्रा सरकतो. आणि वरच्या उतारावर वस्ती वाढली होती, गटारांची धड सोय नसलेली. पावसाचं पाणी वर्षातून काही महिने मुरतं, सांडपाणी बाराही महिने.

काठ सरकू लागल्याची नोंद 1980 च्या दशकात झाली. दरड कोसळून पडली असती तर निदान सगळ्यांनी बघितली असती. ही कोसळली नाही, रेटत राहिली. कमानीचा एक पाय दुसऱ्याकडे ढकलला गेला की माथ्याला जागा उरत नाही. तो वर उचलला जातो, काँक्रीटवर भलत्या जागी ताण येतो, भेगा पडतात. पट्टी दोन्ही टोकांना धरून आत दाबा, ती मधे फुगते. तेच, फक्त हजारो टनांचं. उपाय काय झाले? पुलाला सरकायला जागा करून दिली, आधार बदलले, पोलादी टेकू लावले. हे सगळे पुलावरचे इलाज. रेटणारा होता डोंगर. डोंगरात मुरणारं पाणी थांबवायचं तर वरची वस्ती हलवायला हवी किंवा तिला नीट गटारं द्यायला हवीत, आणि हे काम पुलाच्या अभियंत्याच्या टेबलावर येतच नाही. "मग त्यांनी दुसरा पूल वेळेवर का नाही बांधला?" असंही विचारतात. पर्यायाची चर्चा वर्षानुवर्षं होती. पण जो पूल आज उभा आहे त्याच्या जागी दुसरा बांधायला पैसे काढणं कुठल्याच सरकारला जमत नाही. ही फक्त काराकासची खोड नव्हे.

5 जानेवारी 2006 ला पूल वाहतुकीला बंद झाला. त्या दिवशी सगळ्यांना एकदम कळलं की आपलं शहर डोंगरावर आहे. विमानतळ आणि शहर यांच्यात उरला तो जुना वळणांचा रस्ता, किंवा पश्चिमेकडून हुन्कीतोमार्गे लांबचा फेरा. अर्ध्या तासाच्या वाटेला कित्येक तास लागायला लागले. सकाळच्या विमानासाठी लोक आदल्या दिवशी खाली उतरून मुक्काम करू लागले. बंदरातला माल दूरच्या प्वेर्तो काबेय्योकडे वळला. मग घळीच्या तळातून घाईघाईने एक तात्पुरता रस्ता काढला. त्याला नाव पडलं "ला त्रोचा", म्हणजे पायवाटच. पुलाच्या एका टोकाला खाली उतरायचं, तळ ओलांडायचा, दुसऱ्या टोकाला परत चढायचं. पंधरा सेकंदांचा पूल चुकवण्यासाठी एवढी यातायात. 19 मार्चला, रविवारी, पूल आपणहून कोसळला. वर कोणी नव्हतं, जीवितहानी झाली नाही. नवा पूल 21 जून 2007 ला सुरू झाला: सुमारे नऊशे मीटर लांब, कमान नाही, उंच खांब. सरकत्या काठाला शक्यतो अंगावर घ्यायचंच नाही, हा विचार त्यात आहे.

म्हणजे आता "अर्धा तास" हे उत्तर पुन्हा खरं झालं. मला मात्र ते द्यायला जीभ रेटत नाही.

पाण्याची गोष्टही याच जातीची आहे, थोडक्यात सांगतो. एवढ्या लोकांना पुरेल इतकं पाणी दरीत नाही. ते दक्षिणेकडून, तुईच्या खोऱ्यातून आणि कामाताग्वाच्या धरणातून, टप्प्याटप्प्यांच्या पंपांनी शेकडो मीटर उचलून आणावं लागतं. पंप विजेवर. 7 मार्च 2019 ला देशभर वीज गेली तेव्हा दोनच दिवसांत नळ कोरडे पडले आणि माणसं कॅन घेऊन आविलाच्या ओढ्यांकडे निघाली. काहींनी ग्वाइरेच्या काठाला वाहणाऱ्या एका पाइपाखाली बादल्या धरल्या.

"पण डोंगर असल्यामुळे 1999 च्या डिसेंबरात शहर वाचलं ना?" काहींना एवढं माहीत असतं. बऱ्यापैकी वाचलं, हो. त्या तीन दिवसांत मैकेतिआला नऊशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, वर्षभराच्या सरासरीच्या कितीतरी वर. आविलाचा समुद्राकडचा उतार मोठमोठ्या शिळांसकट खाली आला आणि किनाऱ्यावरची गावं गाडली गेली. मृतांचे आकडे दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत सांगतात, म्हणजेच कोणी मोजलेले नाहीत. पण शहराकडच्या बाजूलाही कातुचे ओढ्याने काठावरच्या वस्तीत माणसं नेलीच. तेव्हा "डोंगराने वाचवलं" हे खालच्या माणसासमोर म्हणून बघा.

आणि ज्या मातीवर शहर आहे ती तरी कुणाची? डोंगराचीच. लाखो वर्षं ओढ्यांनी आणलेला गाळ दरीत साचलाय. लोस पालोस ग्रान्देस या भागाखाली तो शेकडो मीटर खोल आहे. 29 जुलै 1967 ला, शहराचा चारशेवा वाढदिवस होऊन चारच दिवस झाले होते, रात्री आठनंतर भूकंप झाला. तीव्रता साडेसहाच्या आसपास. ठेंगणी घरं बहुतेक टिकली. दहा मजल्यांच्या वरच्या काही इमारती तेवढ्या नेमक्या तिथे बसल्या, कारण खोल गाळ संथ लयीत डोलतो आणि उंच इमारतीचीही लय तीच असते. पाळण्याला नेमक्या वेळी झोका द्यावा तसं. शहरातली सगळ्यात हवीशी जागा, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, त्या रात्री सगळ्यात वाईट ठरली. आजही ती तितकीच हवीशी आहे, आणि भावही तसेच.

मग काराकास कॅरिबियन आहे की नाही? बेसबॉल, कोको, बोलण्यातला शेवटचा "स" गिळायची सवय: सगळं त्या समुद्राचं. पहाटेचा स्वेटर मात्र त्याचा नाही. मी दोन्ही बाजूंनी भांडू शकतो आणि कुठल्या बाजूने भांडतो ते समोर कोण आहे त्यावर ठरतं.

ज्यांना तरीही काराकासहून समुद्र बघायचाच आहे त्यांच्यासाठी. मारिपेरेसच्या स्टेशनवरून तेलेफेरिकोने, म्हणजे रोपवेने, वर जा. सकाळी लवकर, दुपारकडे बऱ्याचदा समुद्राकडून ढग चढतो आणि मग दोन्हीकडे फक्त पांढरं. स्वेटर न्या, वर दोन हजार मीटरच्या पुढे आहात. माथ्यावर 1956 चं गोल मनोऱ्यासारखं हॉटेल हुम्बोल्ट. जर्मन निसर्गअभ्यासक हुम्बोल्ट या डोंगररांगेतल्या सियाच्या शिखरावर 1800 च्या जानेवारीत चढला होता, त्याच्या नावाचं. हॉटेलला वळसा घालून उत्तरेच्या कठड्याशी या, खाली गालिपानच्या फुलांच्या वाड्या आणि त्यांच्याखाली निळं पाणी. वळून दक्षिणेला बघितलंत तर शहर. हा रोपवे मुळात पलीकडे माकुतोपर्यंत, थेट किनाऱ्यावर उतरायचा. तो उतरता टप्पा कित्येक दशकं बंद पडून राहिला. त्यामुळे समुद्र बघून झाला की परत याच बाजूला उतरायचं, आणि पाय भिजवायचे असतील तर ऑटोपिस्ता धरायची.