मामांची महाधमनी आणि तांब्यातलं पाणी

मामांना मुतखड्याचा संशय होता म्हणून सोनोग्राफी केली आणि निघालं भलतंच. पोटातली महाधमनी, म्हणजे हृदयातून निघून खाली पायांकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनी, एका जागी ४.१ सेंटीमीटर फुगलेली. नॉर्मल माणसाची तिथे साधारण २ असते, ३ च्या वर गेली की त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात आणि पुरुषांमध्ये साधारण ५.५ ला पोचली की ऑपरेशनचा विचार करतात. डॉक्टर म्हणाले बीडी आजच्या आज बंद, बीपीची गोळी चुकवायची नाही आणि वर्षाने परत सोनोग्राफी.

घरी आलो तर दुसऱ्याच दिवशी मामींनी तांब्याचा मोठा हंडा घासून लख्ख करून ठेवलेला. "अगं, तांब्यामुळं नसा बळकट होतात म्हणे, सगळे सांगायलेत." मला वाटलं काहीतरीच, पण रात्री वाचत बसले तर यात खरं बरंच आहे, फक्त ते वेगळ्या ठिकाणी आहे.

मामा चाळीस वर्षं सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, मागावर होते. टॉवेल हातात आला की दोन्ही अंगठे मध्ये लावून ताणून बघायचे, वीण सरकली की बाजूला टाकायचे. धमनीच्या भिंतीचंही असंच आहे. तिच्यात कोलॅजेनचे चिवट धागे असतात आणि इलॅस्टिनचे रबरासारखे, पण नुसते धागे शेजारी शेजारी ठेवून भागत नाही, ते एकमेकांना बांधावे लागतात, आणि हे बांधायचं काम लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम करतं. त्याच्या पोटात तांब्याचा अणू असतो, तो नसेल तर एन्झाइम तयार होऊनही कामाचं नाही. हे एन्झाइम धाग्यातल्या लायसिन नावाच्या घटकाला थोडं बदलतं, मग तो शेजारच्याला आपोआप चिकटतो. इलॅस्टिनमध्ये तर चार लायसिन एकत्र येऊन एक गाठ बनते, तिला डेस्मोसिन म्हणतात. दिवसाला लाखभर वेळा हृदय ठोका देतं आणि प्रत्येक ठोक्याला धमनी ताणून परत जागेवर येते ती या गाठींच्या जोरावर. मला हे वाचून खरंच अंगावर काटा आला.

तांबं नसेल तर काय होतं हे अमेरिकेत युटाच्या संशोधकांनी १९६० च्या सुमारास डुकराच्या पिल्लांवर बघितलं. तांबं कमी असलेल्या आहारावर वाढवलेल्या पिल्लांच्या महाधमन्या फाटायच्या, इलॅस्टिनचं जाळंच कच्चं राहिलेलं. माणसातही मेंकेस नावाचा आजार आहे, १९६२ मध्ये नोंदवला गेला, त्यात जन्मतःच बाळाच्या शरीराला तांबं नीट वापरता येत नाही, केस तारेसारखे आणि धमन्या वेड्यावाकड्या.

पण मामींना नीट बसवून सांगितलं ते पुढचं. इलॅस्टिन बहुतेक लहानपणीच विणून होतं, नंतर आयुष्यभर जवळपास तेच वापरायचं. मामांच्या वीणीला तांबं कमी पडलेलं नाहीये, ती बीडीनं, वयानं आणि बीपीनं झिजलीये. हंड्यातलं पाणी पिऊन ४.१ चं ३ होणार नाही. साधं पाणी रात्रभर तांब्यात ठेवून प्यायलं तर नुकसान नाही, उलट जंतू मरतात, पण ताक, लिंबू, चिंचेचं सार कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत ठेवायचं नाही, हे आजी आधीपासून सांगायचीच. आणि लहान बाळांचं दूध तर अजिबात नाही. पुण्याच्या डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर १९८० च्या दशकात दाखवलं की असं पितळी भांड्यात उकळलेलं, साठवलेलं दूध आणि बाळांचं लिव्हर खराब होणं यांचा संबंध आहे. तांबं कमी पडूनही जीव जातो आणि जास्त झालं तरी, मोठ्या माणसाला दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम पुरतं. शेंगदाणे, तीळ, काजू, डाळी यातून ते येतं, म्हणजे आपल्याकडे शेंगा चटणी आणि भाकरी खाणाऱ्याला सहसा कमी पडत नाही.

आणि बोलता बोलता कळलं की कोविडपासून मामा झिंकची गोळी रोज घेतायत, कुणी बंदच केली नव्हती! जास्त झिंक बरेच दिवस घेतलं की आतड्याच्या पेशी एक प्रोटीन बनवतात, ते तांब्याला धरून ठेवतं आणि पेशी गळून पडल्या की तांबंही बाहेर जातं. बीपीच्या डब्यातच ती स्ट्रिप होती. डॉक्टरांना दाखवली, त्यांनी लगेच बंद करायला सांगितलं.

बीडी बंद होऊन आज एकवीस दिवस झाले. संध्याकाळी मागाच्या आवाजाच्या वेळेला मामांचा हात अजून खिशाकडे जातो, मग मामी भाजलेल्या शेंगा पुढं करतात.