जोलिएट ज्युनियर कॉलेजात प्रवेश : माझा अनुभव

शिकागोजवळ प्लेनफिल्डला घर घेतलं आणि मालमत्ता कराचं बिल आलं. शाळा, वाचनालय, अग्निशमन दलाच्या रांगेतच एक ओळ : कम्युनिटी कॉलेज, जिल्हा 525. म्हणजे जोलिएट ज्युनियर कॉलेजला (आपल्याकडचं अकरावी-बारावीचं नव्हे, पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं इथलं सरकारी कॉलेज) पैसे आपण भरतोच आहोत! नाहीतरी ग्रीन कार्ड आल्यावर नर्सिंगकडे वळायचं मनात होतंच.

ऑनलाइन अर्ज चुटकीसरशी झाला. दमछाक केली ती बी.कॉम.च्या कागदांनी. भारतातल्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन इथल्या एजन्सीकडून करून घ्यायचं आणि त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठानेच सीलबंद पाकिटात पाठवायचं. सासऱ्यांनी त्यापायी किती खेटे घातले, ते त्यांनाच ठाऊक. पत्त्याचा पुरावा मात्र आठवणीने जोडा. जिल्ह्यातल्या रहिवाशांना फी बरीच कमी पडते.

समुपदेशक बाईंना मी पहिलाच प्रश्न टाकला, "हे विषय पुढे विद्यापीठ धरेल ना?" त्या हसल्या. म्हणाल्या, कॉलेज निघालंच मुळी त्यासाठी.

1901 ची गोष्ट. जोलिएट हे दगडखाणी आणि पोलाद कारखान्यांचं गाव. तिथल्या हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी ठरवलं, की पदवीची पहिली दोन वर्षं गावातच, हायस्कुलाच्या इमारतीत शिकवायची. विद्यार्थी सहा. पोरांचा बाहेरगावी राहण्याचा खर्च वाचला. हार्परसाहेबांचाही मतलब होताच. पहिल्या दोन वर्षांचं शिकवणं विद्यापीठाच्या गळ्यातून काढायचं त्यांच्या डोक्यात आधीपासून होतं. ज्युनियर कॉलेज हे नाव 1916 साली लागलं, आणि हायस्कुलापासून वेगळं मंडळ मिळायला 1967 उजाडलं. अमेरिकेतलं आज चालू असलेलं हे सर्वांत जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज.

आता आमच्या इलिनॉय राज्यात आयएआय (इलिनॉय आर्टिक्युलेशन इनिशिएटिव्ह) नावाची सोय आहे. पायाभूत विषयापुढे तिचा कोड असतो, मानसशास्त्राला एस6 900. कोड दिसला की सहभागी विद्यापीठांत तो विषय चालतो. अ‍ॅनाटॉमीसारख्या विषयांचं मात्र पुढच्या नर्सिंग कॉलेजलाच विचारा आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या. तोंडी "हो, चालेल बहुतेक" वर फी भरू नका.

मी मानसशास्त्र आणि संख्याशास्त्रापासून सुरुवात केली. अ‍ॅनाटॉमीला संध्याकाळची बॅच घेतली, नवरा ऑफिसातून आल्यावर मुलं त्याच्या ताब्यात.