टक् आणि टकटक

दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत वर्तमानपत्र चाळत बसलो असताना खालच्या आवारातून टकटकटकटक असा बारीक, घाईचा आवाज आला आणि अग्रलेखावरची नजर न हलवताच मनात उमटले की बॅटरी उतरली. खाली पाहिले तेव्हा गाडीभोवती वॉचमन, इस्त्रीवाला आणि सोसायटीचे दोन सभासद जमले होते. पेट्रोल संपले असेल, इंजिनात पाणी गेले असेल, किल्लीच खराब असेल, अशी निदाने सढळ हाताने वाटली जात होती. सल्ला देताना मुंबईकर कधी हात आखडता घेत नाही. पण ज्या गाडीने आपले दुखणे इतक्या स्पष्टपणे सांगितले आहे, तिचे ऐकून घेण्याची सवड मात्र कोणालाच नसते, हे मला फार खटकते.

'सेल्फ', म्हणजे इंजिनाला पहिली फिरकी देणारी विजेची मोटर, 'घेत नाही' एवढे म्हटले की आपण मोकळे होतो. वास्तविक एकदाच होणारे 'टक्' आणि लागोपाठ होणारी 'टकटक' ही बहुधा निरनिराळी दुखणी असतात. इंजिन फिरवताना सेल्फच्या मोटरला शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो. तो किल्लीच्या नाजूक स्विचमधून नेता येत नाही, म्हणून मध्ये सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा चुंबकी स्विच, बसवलेला असतो. किल्ली फिरताच त्याचा लोखंडी दांडा आत ओढला जातो, तांब्याचे जाड संपर्क जुळतात आणि मोटरला वीज मिळते. बॅटरी अशक्त असेल तर संपर्क जुळताक्षणीच व्होल्टेज कोसळते आणि दांडा सुटतो. भार उतरल्यावर व्होल्टेज चढते आणि दांडा पुन्हा ओढला जातो. खुर्चीतून उठू पाहणारा आणि पुन्हा मागे बसणारा एखादा वृद्ध माणूस असावा, तसा हा उद्योग सेकंदाला अनेकदा चालतो. ठसठशीत टक् होऊन पुढे काहीच घडले नाही, तर दांडा जागेवर पोचला आहे पण मोटर फिरलेली नाही, असे समजावे. मग संशय जळलेल्या संपर्कांवर, मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या झिजलेल्या कार्बन ब्रशवर किंवा इंजिनाकडून बॅटरीकडे प्रवाह परत नेणाऱ्या कुजलेल्या अर्थिंगच्या पट्टीवर जातो.

हे सारे मी गिरगावात आमच्या वाडीत राहणाऱ्या एका टॅक्सीवाल्या काकांकडून शिकलो. त्यांची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी रात्री नेहमी रस्त्याकडे तोंड करून उभी असे, म्हणजे सकाळी ढकलावी लागलीच तर वळवण्याचा त्रास नको. गाडी रुसली की ते आधी सगळ्यांना गप्प करीत आणि मला समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभे करीत. मग हेडलाइट लावून ते किल्ली फिरवीत आणि भिंतीवरचा उजेड विझतो की टिकतो, हे मी ओरडून सांगायचे, एवढेच माझे काम. 'गेला!' असे मी ओरडलो, की ते बॅटरीचे टर्मिनल हलवून पाहत, त्यांच्यावर जमलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी ओतून धूत, आणि तेवढ्याने भागले नाही तर आम्हा मुलांना ढकलायला बोलावीत. 'आहे!' असे ओरडलो, तर ते न बोलता गाडीखाली सरकत. ढकलताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असायची आणि वेग आल्यावर क्लच सोडताच ती असा काही हिसका देई, की पुढे रेटणारा बेसावध मुलगा डिकीवर आपटे. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींची सद्दी संपली, तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या छपरावरच्या कॅरिअरची आठवण काढली. मला त्यांचा तो हिसका आठवला.

आता एकही टक् ऐकू आले की लोक थेट नवी बॅटरी मागवतात. हा बॅटरीवर अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे. बारा व्होल्टची म्हटली जाणारी ही बॅटरी पूर्ण भरलेली असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना त्याच्यावर फिरून वीज तयार करणारा ऑल्टरनेटर तिला चौदाच्या आसपास पुरवतो. पण मुंबईत गाडी चालते कुठे? पावसाळ्यात वायपर, दिवे, एसी आणि काच पुसणारा ब्लोअर असे सगळे चालू ठेवून ती वाहतुकीत उभी असते, इंजिन मंद फिरत असते, आणि त्या मंद गतीत ऑल्टरनेटरची मिळकत जेमतेमच असते. त्यात दमट, खारी हवा टर्मिनल कुरतडते. शिवाय इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असल्याने परतीचा प्रवाह ज्या पट्टीतून यायचा, ती पट्टी गंजली तर नव्या बॅटरीनेही टक् एवढेच होईल. जंपर केबलची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या उघड्या धातूला लावून पाहिली तर याचा निकाल मिनिटभरात लागतो, पण तेवढा धीर कोण धरणार?

चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा सेल्फ १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांत आला. त्याआधी हँडल मारावे लागे आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडे. त्या मानाने आपले टक् फारच सभ्य म्हटले पाहिजे.

सेल्फचाच दोष निघाला तर एक रांगडा उपाय काकांपाशी होता. एकाने किल्ली फिरवून धरायची आणि दुसऱ्याने सेल्फच्या अंगावर पान्याने हलके ठोकायचे. अडकलेला ब्रश जागेवर बसतो आणि गाडी सुरू होते. अर्थात गाडी न्यूट्रलमध्ये असावी, हँडब्रेक ओढलेला असावा आणि ठोकणाऱ्याचा ड्रायव्हरवर विश्वास असावा. ही युक्ती पुन्हा चालेलच असे नाही, म्हणून मग इंजिन बंद न करता गाडी तडक इलेक्ट्रिशियनकडे न्यावी. पंपावर इंजिन बंद करावे लागते, तेव्हा टाकीत पेट्रोल किती आहे ते निघण्यापूर्वीच पाहून घेतलेले बरे.