पडदा भरला म्हणजे झालं

२००६ ते २००८ या काळात जगात एक मोठी लढाई चालू होती आणि आपल्याकडे तिची फारशी कुणाला खबरबात नव्हती. एका बाजूला तोशिबाची एचडी डीव्हीडी, दुसऱ्या बाजूला सोनी आणि मंडळींची ब्लू-रे. दोन्ही तबकड्या दिसायला सारख्या, दोन्ही निळसर जांभळ्या लेझरने वाचल्या जाणाऱ्या, आणि दोघींचं म्हणणंही एकच: आता घरच्या टीव्हीवर नायकाच्या दाढीचा खुंट न् खुंट दिसेल. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने ब्लू-रेचा हात धरला, १९ फेब्रुवारीला तोशिबाने शस्त्रं टाकली. जिंकलेल्यांना वाटलं असणार, चला, आता घराघरांत आपणच.

आपल्याकडच्या घराघरांत तेव्हा काय चाललं होतं? २००७ मध्ये मोझर बेअर या तबकड्या बनवणाऱ्या कंपनीने सिनेमाच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या होत्या. किराणा दुकानात बिस्किटांच्या शेजारी सिनेमा मिळायला लागला. ब्लू-रेची एक तबकडी घ्यायची तर हजाराच्या आगेमागे पैसे मोजायला लागत, आणि प्लेअरची किंमत ऐकून माणूस नुसतं ‘बघून जातो’ म्हणायचा. त्या पैशांत वर्षभराचे सिनेमे, आणि आवडला नाही तर चहाच्या कपाखाली ठेवायला तबकडी.

ही व्हीसीडी म्हणजे काय होतं, ते आज कुणाला सांगून पटणार नाही. ३५२ बाय २८८ ठिपके. एवढ्यात अख्खा हिंदी सिनेमा, गाणी, मारामारी, स्वित्झर्लंड. डीव्हीडीत त्याच्या चौपट ठिपके असायचे, पण तरीही डीव्हीडी आल्यावर कित्येक वर्षं लोक व्हीसीडीच घेत राहिले. सिनेमात पाऊस पडायला लागला की पडद्यावर चौकोनांची रांगोळी व्हायची. एका तबकडीवर ७४ मिनिटं मावायची, म्हणून सिनेमा दोन किंवा तीन तुकड्यांत. नायक खलनायकाची कॉलर धरतोय आणि तेवढ्यात पडदा निळा. मग कुणीतरी उठायचं, दुसरी तबकडी काढायची, बनियनला गोल गोल पुसायची (चुकीची पद्धत, आतून बाहेर सरळ पुसायची असते, पण ऐकतो कोण), आणि मारामारी पुढे चालू. त्या पाच मिनिटांत कांदेपोह्यांच्या बश्या फिरायच्या. स्पष्टपणाबद्दल तक्रार केल्याचं मला तरी कुणाचं आठवत नाही. तक्रार असायची ती अडकण्याबद्दल. ‘चालतेय का?’ हा प्रश्न होता, ‘दिसतंय कसं?’ हा नव्हताच.

आणि मला वाटतं, सगळी मेख इथेच आहे. सामान्य माणूस घरातली वस्तू बदलतो ती एखादी कटकट जावी म्हणून. व्हीसीआर आठवा. तो विकत कुणाकडे? भाड्याने आणायचा, एका रात्रीसाठी, सोबत तीन कॅसेटी. रात्रभर जागून तिन्ही संपवायच्या, कारण सकाळी माणूस न्यायला येणार. टेप वाचणाऱ्या हेडवर धूळ बसली की पडद्यावर मुंग्या. कॅसेट रिवाइंड करून दिली नाही तर लायब्ररीवाल्याची बोलणी. पावसाळ्यात टेपला पांढरी बुरशी, आणि एखाद्या यंत्राला भूक लागलीच तर त्यातून टेपची गुंडाळीच बाहेर यायची. व्हीसीडीने यातलं बरंच काही घालवलं. डीव्हीडीने तबकडी बदलायचं घालवलं, हवं ते गाणं थेट लावायची सोय दिली. प्रत्येक वेळी माणसाला काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, म्हणून त्याने पाकिटात हात घातला. चित्र सुधारलं ते वरकड, भाजीवाल्याने वर टाकलेल्या कोथिंबिरीसारखं.

ब्लू-रेने कोणती कटकट घालवली? एकही नाही. तीच तबकडी, तोच डबा, वर नवा प्लेअर, नवी वायर, नवा टीव्ही. आणि बदल्यात काय, तर चित्र चांगलं. ते चांगलं होतंच, त्यात वाद नाही. १९२० बाय १०८० म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके, डीव्हीडीच्या पाचपट. पण ते दिसायला हवेत ना.

हा हिशोब एकदा करून बघण्यासारखा आहे. चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखता येतात. बत्तीस इंची फुल एचडी (म्हणजे तेच १९२० बाय १०८०) टीव्हीवरचा एक ठिपका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरासा मोठा. म्हणजे चार-सव्वाचार फुटांच्या पलीकडे बसलात की हे ठिपके एकमेकांत मिसळले. आठ फुटांवर तर जुन्या साध्या चित्राच्या ५७६ ओळीसुद्धा जवळजवळ मिसळतात. आता आपला हॉल बघा. एका भिंतीला टीव्ही, समोरच्या भिंतीला सोफा, मध्ये टीपॉय आणि अभ्यास न करणारी मुलं. अंतर आठ-नऊ फूट. एचडीचं पूर्ण सुख घ्यायचं तर टीपॉयवर जाऊन बसायला हवं, आणि ‘लांब हो, डोळे जातील’ म्हणून आपल्या सगळ्यांना लहानपणी धपाटे बसलेले आहेत. शिवाय घरातल्या चारातल्या दोघांच्या चष्म्याचा नंबर कधी तपासलेला नसतो, ते वेगळंच.

तरीही आज घरोघरी एचडी टीव्ही आहे. तो आला कसा? जुना टीव्ही गेला म्हणून. पिक्चर ट्यूबवाला तो अवजड डबा बंद पडला, मेकॅनिक म्हणाला ‘पार्ट मिळत नाही साहेब’, आणि दुकानात गेल्यावर कळलं की डबे आता येतच नाहीत, भिंतीवर लावायचेच येतात. यात निवड कुठे आली? बायकोला आवडलं ते त्याचं सडपातळ असणं, कारण कोपऱ्यातली जागा मोकळी झाली. नवऱ्याला आवडलं ते इंच.

दुकानातली ती भिंत मात्र बघण्यासारखी असते. ओळीने लावलेले टीव्ही, सगळ्यांवर एकच चित्रफीत: पोपट पंख पसरतोय, मधाची धार सावकाश पडतेय, कुठल्यातरी पिकलेल्या डाळिंबाचे दाणे. दाणा न् दाणा मोजता येतो. विक्रेता म्हणतो, ‘काका, क्लॅरिटी बघा.’ काका बघतात, चष्मा वर करून बघतात, हप्ते ठरतात, टीव्ही घरी येतो. भिंतीवर चढतो आणि केबलवाल्याची वायर त्यात खोचली जाते. मग पोपट नाही, मध नाही, बातम्यांच्या चॅनेलवर भांडणारी सहा माणसं सहा चौकटींत.

खरी गंमत पुढे आहे. जुनी प्रक्षेपणं चारास तीन आकाराची, नवा पडदा सोळास नऊचा. म्हणजे चित्र नीट दाखवलं तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे. हे काळे पट्टे मराठी घराला सहन होत नाहीत. ‘पूर्ण पडद्याचे पैसे दिलेत ना?’ मग रिमोटवरचं कुठलंतरी बटण दाबून चित्र ताणायचं. सगळं एकतृतीयांशाने रुंद. कमरेचा काटा ढळू न देणाऱ्या नायिका गोल गरगरीत झाल्या, गाडीची चाकं लंबगोल, पंचांनी हात आडवे केले की वाइड खरोखरच वाइड. असे ताणलेले चेहरे लोकांनी वर्षानुवर्षं बिनतक्रार पाहिले. हे पाहिल्यावर सामान्य प्रेक्षक चित्राच्या दर्जासाठी पैसे टाकेल का, या प्रश्नावर मला चर्चा करावीशी वाटत नाही.

आमच्या सासूबाई अजून मालिका साध्या चॅनेलवरच बघतात. एचडीचं चॅनेल घेतलेलं आहे, पण त्याचा नंबर वेगळा, आणि त्यांच्या बोटांना जुना पाठ आहे. एकदा लावून दिलं. दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, ‘सूनही तीच, सासूही तीच. फक्त हिच्या तोंडावरचा मेकअप दिसायला लागला.’ आणि परत जुना नंबर. त्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. २०१९ च्या नव्या दरपत्रकात तर ट्रायनेच, म्हणजे दूरसंचार नियामकानेच, ठरवून दिलं होतं की १३० रुपयांच्या मूळ शुल्कात शंभर साधे चॅनेल, आणि त्या मोजणीत एक एचडी चॅनेल दोन साध्या चॅनेलांच्या बरोबरीचं. एका मेकअपसाठी दोन चॅनेलांची जागा!

क्रिकेटचं मात्र वेगळं. तिथे एचडीने खरोखर काहीतरी दिलं. चेंडूची शिवण दिसायला लागली, बॅटची कड घेतली की नाही हे घरबसल्या पंचाआधी सांगता यायला लागलं, आणि गल्लीतल्या प्रत्येक माणसाला आपलं मत पुराव्यानिशी मांडता येऊ लागलं. मी ज्यांना ज्यांना स्वतःहून एचडीचे पैसे भरताना पाहिलं, ते सगळे मॅचच्या हंगामातले.

बाकी लोक कुठे गेले? लहान पडद्याकडे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि टीव्ही मोठा होत असतानाच पाहणं तळहातावर आलं. नेटफ्लिक्ससारख्या कंपनीने जुलै २०१९ मध्ये खास भारतासाठी १९९ रुपयांची मोबाइल योजना काढली, तिच्यात चित्राचा दर्जा साधाच, म्हणजे एचडीच्या खालचा. एवढी मोठी कंपनी अभ्यास करूनच उतरली असणार. तिने ओळखलं की या देशातल्या माणसाला लोकलमध्ये उभं राहून, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हातात सिनेमा हवाय. तबकडी नाही, प्लेअर नाही, परत करायला जाणं नाही. कटकटींचा सगळा गठ्ठाच गेला.

जाता जाता एक उलटी गोष्ट. १९३०-४० च्या दशकांतले प्रभातचे चित्रपट फिल्मवर चित्रित झाले. ३५ मिलिमीटरच्या चांगल्या निगेटिव्हमध्ये एचडीपेक्षा जास्त तपशील दडलेला असतो. नीट जपलेली असेल तर आज ती स्कॅन करून लखलखीत प्रत काढता येते, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून जुन्या चित्रपटांवर असं काम झालंही आहे. पण नव्वदच्या दशकात व्हिडिओ टेपवर चित्रित झालेली मालिका? तिच्यात जे टिपलंच नाही ते आणणार कुठून! आजोबांच्या तरुणपणचा नट स्पष्ट दिसेल आणि आपल्या तरुणपणची नटी कायम धूसर राहील.

तीच गत आपल्या लग्नाच्या कॅसेटची. कॅमेरावाला खांद्यावर तोफ घेऊन, त्याच्या मागे दिवा धरलेला पोऱ्या, दिव्याच्या झोतात घामाघूम झालेले नवरानवरी आणि मध्येच बदामाच्या आकारात फिरणारी तीच दोघं. व्हीएचएसवर, म्हणजे त्या घरगुती कॅसेटवर, जेमतेम २४० ओळींचा तपशील. ती कॅसेट मग कुणाकडून तरी सीडीवर उतरवून घेतली, सीडीची डीव्हीडी केली, डीव्हीडीचा पेनड्राइव्ह. दर वेळी फॉर्मॅट वरचा आणि चित्र होतं तसंच, किंवा किंचित वाईट. तरी दिवाळीत सगळे जमले की लावतात. अक्षता टाकणाऱ्या गर्दीत मागच्या रांगेत कोण उभं आहे यावर दर वर्षी वाद होतो. स्पष्ट दिसलं असतं तर वाद मिटला असता आणि बघायला कुणी बसलं नसतं.

आता आमच्या भाचीचं लग्न ठरलंय. फोटोग्राफर घरी येऊन लॅपटॉपवर नमुने दाखवत होता. ड्रोन, दोन कॅमेरे, फोर-के. ठिपके थेट ब्याऐंशी लाखांच्या वर. दादा पॅकेजचा कागद वरपासून खालपर्यंत वाचत होते.

‘काका, फोर-केमध्येच घ्या. आयुष्यभराची आठवण आहे,’ तो म्हणाला.

दादांनी कागद खाली ठेवला. ‘ते घेऊ रे. पण मला सांग, व्हॉट्सॲपवर जाईल ना?’