योकमोक: कराचा बाजार आणि कोरडा धबधबा

आधी नावाचं बघू. नकाशात वाचून मी ‘जोकमोक’ म्हणत होते. उत्तर स्वीडनमधल्या लुलिओ शहराच्या बसस्टँडवर ड्रायव्हरने ऐकून घेतलं, ‘योकमोक’ एवढंच म्हणाला आणि दार उघडलं. स्वीडिशमध्ये ‘ज’चा ‘य’ होतो. सामी म्हणजे इथले मूळ रहिवासी; त्यांच्या लुले सामी भाषेत या नावाचा अर्थ नदीचं वळण.

हे गाव आर्क्टिक वृत्ताच्या किंचित उत्तरेला. पण योकमोक नावाची नगरपालिका एवढ्याशा गावापुरती नाही. तिचं क्षेत्रफळ १९,००० चौरस किलोमीटरच्या वर आहे. महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा, आपला नगर, त्याहून लहान. आणि एवढ्या मुलखात माणसं पाच हजारांच्या आसपास! बसमधून तासन् तास फक्त झाडं आणि बर्फ.

आम्ही गेलो ते हिवाळी बाजारासाठी. फेब्रुवारीतल्या पहिल्या गुरुवारपासून शनिवारपर्यंत तो भरतो. ऐन थंडीत का? रेनडिअर पाळणारे सामी हिवाळ्यात डोंगरावरून खाली जंगलात उतरत, म्हणजे गाठायला सोपे. १६०५ मध्ये राजा नववा कार्ल याने अशा बाजारांचं फर्मान काढलं ते कर वसूल करायला आणि व्यापारावर नजर ठेवायला. पाठोपाठ चर्चही आलं. जुनं चर्च १९७२ मध्ये जळालं आणि १९७६ पर्यंत तसंच पुन्हा बांधलं. त्याच्या भोवतीच्या लाकडी कुंपणभिंतीपाशी मी बराच वेळ थांबले. जमीन गोठली की कबर खणता येत नसे, तेव्हा शवपेट्या वसंतापर्यंत या भिंतीच्या पोकळीत ठेवत.

राहायची सोय वर्षभर आधी करा. बाजारात गावातली घरंसुद्धा भाड्याने जातात. विमानाने लुलिओ गाठून पुढे बस घेता येते, नाहीतर स्टॉकहोमहून रात्रीची रेल्वे मुरयेक स्टेशनापर्यंत आणि तिथून बस. लोकरीचे थर घाला, सुती बनियन नको. फोन आतल्या खिशात ठेवा. माझा उणे पंचविसात दहा मिनिटांत मान टाकून बसला. दुपारी साडेतीनच्या आधीच सूर्य मावळतो, त्यामुळे सामी संस्कृतीचं आय्त्ते संग्रहालय अंधार पडल्यावरसाठी राखून ठेवा. ‘आय्त्ते’ म्हणजे कोठार. शाकाहारी असाल तर थेपले न्या, कारण धुरावलेल्या रेनडिअरच्या मांसाचा वास दर दुसऱ्या तंबूतून येतो. आणि कुणालाही ‘तुमच्याकडे रेनडिअर किती?’ असं विचारू नका. ते ‘बँकेत किती शिल्लक आहे?’ विचारण्यासारखं आहे.

बाजार संपल्यावर एक दिवस जास्त काढून लुले नदीच्या वरच्या अंगाला जा. पोर्युसचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, खनिज लोखंड वाहणाऱ्या रेल्वेला वीज द्यायला. स्टोरा शॉफालेत १९०९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि दहाच वर्षांनी धरणासाठी त्यातली तळी उद्यानाच्या हद्दीतून वगळली. हार्सप्रोंगेत, म्हणजे ‘सशाची उडी’, हा एकेकाळचा प्रचंड धबधबा. आता नदीचं पाणी बोगद्यातून देशातल्या सर्वांत मोठ्या जलविद्युत केंद्राकडे जातं आणि इथे नुसते खडक. आम्ही पाहिले तेव्हा तेही बर्फाखाली होते. ते उघडे बघायचे असतील तर उन्हाळ्यात या, इनलांड्सबाना या रेल्वेमार्गाच्या गाडीने, आणि डासांची जाळी बरोबर असू द्या.