तिसरा पाय

ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अनेक वर्षे गुरुत्वमध्य शिकवीत आलो आहे. तरीही वयाच्या ४२व्या वर्षी कळव्याच्या तालमीत मॅटवर उतरलो, तेव्हा ६० किलो वजनाच्या एका पोराने ८२ किलोंच्या या मास्तरांना पहिल्याच आठवड्यात धोबीपछाड टाकून उताणे केले.

घरी येऊन मी हिशेब मांडला. माझे पाय बाजूंना ६० सेंटिमीटर फाकलेले होते आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ९५ सेंटिमीटरांवर होता. त्यातून खाली काढलेली लंबरेषा पावलांनी वेढलेल्या जागेबाहेर गेली, की शरीर कोलमडते. बाजूला पाडण्यासाठी मला सतरा अंशांहून अधिक कलवावे लागले असते. पुढे मात्र चवड्यापर्यंत जेमतेम १३ सेंटिमीटर होते आणि तेवढ्याला आठ अंश पुरतात. वस्ताद "सर, कंबर खाली घ्या" असे ओरडत होते, ते याचसाठी. गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटरांवर आणला असता, तर त्या आठांचे अकरा झाले असते.

पण खरी गोम निराळीच होती. मी चवड्यांपलीकडे झुकलो होतो आणि तरीही पडत नव्हतो, कारण पत्त्यांच्या बंगल्यातील दोन पानांप्रमाणे आम्ही एकमेकांना टेकलो होतो. मी रेटत होतो तो खांदाच माझा तिसरा पाय होता, आणि तो त्याने काढून घेतला. १८८२ साली तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा स्थापन करणाऱ्या जिगोरो कानो यांनी हेच आकड्यांत सांगितले होते: समोरच्याचे बळ दहा आणि आपले सात असेल, तर विरोध करून आपण हरतो, मात्र आपण मागे सरलो, तर तोल गेल्यामुळे त्याचे बळ तीनच उरते आणि आपले सात शाबूत राहतात. त्यानंतर पोराची कंबर माझ्या गुरुत्वमध्याच्या खाली शिरली होती, त्यामुळे त्याला मला उचलावे लागलेच नाही, नुसते उलटवावे लागले.

मग मी एक पाय पुढे ठेवून उभा राहू लागलो. समोरून ओढणे त्याला काही दिवस जमेना. दोन पावलांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात असलेली दिशा मात्र कच्चीच राहते, आणि ती आता माझ्या कुशीकडे वळली होती. गेल्या रविवारी त्याने तिकडूनच ओढले.