१:४०० डीपवॉटर होरायझन: पाण्यात सोडलं आणि कललं

डीपवॉटर होरायझन म्हणजे समुद्रात तेलविहिरी खणणारी तरंगती रिग. तिचं मॉडेल रविवारी पहिल्यांदा पाण्यात सोडलं, कपडे भिजवायच्या टबात. दोन सेकंद ताठ उभं राहिलं, मग हळूच कललं आणि डेरिक (ड्रिलिंगचा उंच मनोरा) टबाच्या काठाला टेकवून पडून राहिलं. शेजारचे काका बघत होते. "याचे पाय कुठंयत रे?" त्यांच्या डोक्यात सागर सम्राट, आपली जुनी तेलरिग. ती जॅक-अप, समुद्राच्या तळावर पाय रोवणारी. होरायझनखाली २०१० मध्ये दीड किलोमीटर पाणी होतं. तिथे पाय कुठले, आठ थ्रस्टर (पाण्याखालचे पंखे) तिला जागेवर धरून ठेवायचे.

मूळ रिग १२१ मीटर लांब, ७८ रुंद, माझी ३०.२ आणि १९.५ सेंमी. वजनाचं गणित मजेचं आहे. सुमारे ५२,५०० टनांना ४०० च्या घनाने भागलं की ८२० ग्रॅम येतात. पण टबात नळाचं पाणी, खारं नाही, म्हणून ८०० ग्रॅमलाच ती ५.७५ सेंमी बुडायला हवी. माझी भरली ७९४. मग कलली का?

वजन भलत्या जागी होतं, फार वर. रेझिनमध्ये छापलेलं डेरिकच ६८ ग्रॅम! होडी कलली की तिचं रुंद पोट त्या बाजूला जास्त बुडतं आणि पाणी तिला सरळ करतं. इथे पाण्याच्या रेषेवर फक्त चार खांब. लाटेच्या हाती फारसं काही लागत नाही ते त्यामुळेच, पण सावरायलाही तेवढंच कमी.

डेरिक नव्याने केलं, अर्ध्या मिलिमीटरच्या पितळी तारेचं: १९ ग्रॅम. चार संध्याकाळी गेल्या. नवा सांधा तापला की शेजारचा सुटायचा. आता तिथे ओल्या कापसाचा बोळा ठेवतो. वाचलेलं वजन पाँटूनमध्ये (खांबांखालच्या पोकळ पेट्यांमध्ये) गेलं, मासे धरायच्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या घालून.

काल सरळ तरंगली. मग ताटलीने लाटा काढल्या. शिसं काढून पाँटून वर आणले तर बुचासारखी उडते, खांब अर्धे बुडवले की जवळजवळ गप्प. १९६१ मध्ये मेक्सिकोच्या आखातात ब्लू वॉटर १ च्या बाबतीत हेच ध्यानात आलं होतं: तळावर टेकून ड्रिल करायची ती रिग ओढून नेताना अर्धवट बुडालेली असली की फारच कमी हलायची. मग तरंगतच ड्रिल करू लागले.

काजळी-जळकेपणा दाखवणार का, असं दोघांनी विचारलं. नाही. एप्रिल २०१० मध्ये रिगवर स्फोट होऊन आग लागली, त्या रात्री ११ माणसं गेली. माझी रिग २००९ चीच राहील.

पाँटूनच्या झाकणांतून अजून पाणी झिरपतंय. ग्रीस पुरत नाही, या आठवड्यात रबरी वॉशर लावून बघतो.